नागपूर, काटोल, रामटेक, सिल्लारी: पाच दिवसांच्या शूटची वाटचाल

आदली संध्याकाळ

नागपूरच्या आसपास शूट करायला नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा सगळ्यांत सोयीचा. पाऊस संपलेला असतो, आंबिया बहाराची संत्री झाडावर पिकलेली असतात, पेंचचं जंगल पर्यटकांसाठी उघडलेलं असतं. डिसेंबर लागला की हिवाळी अधिवेशन येतं. हॉटेलं भरतात, सिव्हिल लाइन्सपासून सीताबर्डीपर्यंत बॅरिकेड्स लागतात आणि विधानभवनाच्या आसपास कॅमेऱ्याचा स्टँड उघडला की पोलीस आधी कागद मागतात. मे महिन्याचं तर नावच काढू नये. पारा ४५च्या वर जातो आणि बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांना, ड्रोनना कंपनीने ४० अंशांपर्यंतचीच मुभा दिलेली असते. उन्हात तापलेली काळी बॉडी त्याच्या कितीतरी पुढे जाते. मग भर मुलाखतीत थर्मामीटरचं चिन्ह लुकलुकतं आणि कॅमेरा आपणहून बंद पडतो.

काम असं: संत्रा आणि आसपासचं पर्यटन यांवर पाच मिनिटांची फिल्म, शिवाय सात-आठ रील्स. युनिट तीन माणसांचं. एक कॅमेऱ्यावर, एक साउंड आणि फोकसला, तिसरा गाडी, कार्डं आणि परवान्यांच्या फाइलला. तिसरा माणूस वाचवायचा मोह सगळ्यांनाच होतो. तो वाचवला की तिसऱ्या दिवसापासून रात्रीचा बॅकअप अर्धवट राहायला लागतो.

या दिवसांत सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचच्या सुमारास मावळतो. कामाचा उजेड सकाळी साडेनऊपर्यंत, मग दुपारी साडेतीननंतर. मधले सहा तास प्रवास, सावलीतल्या मुलाखती आणि जेवण. पाच दिवसांचं वेळापत्रक याच हिशोबावर बसवायचं. अंतरं मोठी नाहीत: काटोल साधारण ६० किलोमीटर, रामटेक ५०, पेंचच्या जंगलाचं दार असलेलं सिल्लारी ७०. तरी "सकाळी आठला निघू" म्हणणारं युनिट दिवसाचा निम्मा उजेड गाडीतच घालवतं.

कार्डांचा हिशोब कागदावर मांडून घ्यावा. ४केमध्ये सेकंदाला २५ फ्रेम, १० बिट, सेकंदाला १४० मेगाबिटवर रेकॉर्ड केलं तर तासाला ६३ जीबी लागतात. ५० फ्रेमला २०० मेगाबिट धरले तर ९० जीबी. रोज अडीच तास साधं आणि अर्धा तास ५० फ्रेमचं फुटेज म्हणजे २०० जीबीच्या आसपास. पाच दिवसांचं एक टीबी, त्यावर ड्रोन आणि साउंड. म्हणून दोन-दोन टीबीच्या दोन एसएसडी, आणि दोन्हींवर तेच फुटेज. कार्डं १२८ जीबीचीच बरी. एक २५६चं कार्ड गेलं तर अख्खा दिवस जातो, १२८चं गेलं तर अर्धा. कार्डावरचा 'व्ही' आकडा म्हणजे सेकंदाला किमान किती एमबी लिहिलं जाईल याची हमी. २०० मेगाबिट म्हणजे २५ एमबी, तेव्हा व्ही३० कागदोपत्री पुरतं. पण कार्ड तापलं, भरत आलं की मार्जिन उरत नाही, म्हणून व्ही६०.

मिररलेसची १६ वॉट-अवरची बॅटरी ४के रेकॉर्डिंगला सव्वा-दीड तास चालते. प्रत्येक बॉडीमागे चार बॅटऱ्या आणि मुलाखतींसाठी एक ९८ वॉट-अवरची मोठी व्ही-माउंट बॅटरी. ९८ हा आकडा उगाच ठरलेला नाही. विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी परवानगीशिवाय नेता येते, १०० ते १६० असेल तर एअरलाइनची मान्यता लागते आणि अशा दोनच नेता येतात. सुट्या बॅटऱ्या नेहमी केबिनच्या बॅगेत. चेक-इनमध्ये सापडल्या तर बॅग उघडायला परत बोलावतात. बॅटरीवर फक्त एमएएच छापलेलं असेल तर व्होल्टने गुणून हजाराने भागायचं.

बाकी सामान कुठल्याही शूटचं असतं तेच. मात्र तीन गोष्टी नागपूरबाहेर हमखास आठवतात: १६ अँपिअरच्या सॉकेटला लावायचा कन्व्हर्टर प्लग, स्पाइक गार्ड असलेला लांब एक्स्टेन्शन बोर्ड, आणि स्टँडच्या प्लेटचे जास्तीचे पाव इंची स्क्रू. नेमका हा स्क्रू गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळेलच असं नाही.

पहिला दिवस: शहर

पहाटे दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आज उभा असलेला स्तूप २००१च्या डिसेंबरात खुला झाला. बाहेरून सांचीची आठवण देणारा, १२० फूट उंच, चारही दिशांना दारं. विजयादशमीच्या आसपास इथे जनसागर असतो आणि त्या दिवसांचं शूट हे वेगळं काम आहे. एरवी सकाळी शांतता असते. स्मारक समितीची लेखी परवानगी आधी घ्यावी. आत बसलेल्या माणसांचे क्लोजअप घेऊ नयेत, घ्यायचेच तर विचारून.

अडचण पांढऱ्या घुमटाची. कोवळं ऊन पडलं की घुमटाची उजेडाकडची बाजू आधी जळते आणि मॉनिटरवर ते कळत नाही, कारण लॉगमध्ये, म्हणजे रंग नंतर चढवायला ठेवून, रेकॉर्ड केलेलं चित्र तसंही फिकं दिसतं. झेब्रा, म्हणजे जास्त उजळ भागावर पट्टे दाखवणारी खूण, ९० टक्क्यांच्या आसपास लावून घुमटावर तो जेमतेम उमटेल इतकं एक्स्पोजर. पायऱ्यांवरची माणसं थोडी काळी येतात, ती एडिटला उचलता येतात. जळलेलं पांढरं कशानेच परत येत नाही.

शहरात ड्रोनचा विषय निघतोच. क्लायंटला वरून घेतलेलं नागपूर हवं असतं. सोनेगावचा विमानतळ शहराला चिकटून आहे आणि वायुसेनेची ठाणीही शहरातच आहेत. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत हिरवा (परवानगीशिवाय उडवण्याचा) विभाग मिळतो, त्याच्या आत परवानगी लागते. शहराचा मोठा भाग त्या आतल्या वर्तुळात येतो. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा उघडून क्लायंटला दाखवावा, वाद तिथेच संपतो. '२५० ग्रॅमच्या आतलं आहे, चालतं' हे वाक्य लग्नाच्या मंडपात खूप ऐकू येतं. नॅनो ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही एवढंच त्यात खरं आहे. नोंदणी आणि विभागांचे नियम त्यालाही लागू आहेत.

ड्रोनशिवाय उंची हवी तर कामठी रोडवर गड्डीगोदामला जावं. खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांत वर मेट्रो. रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागा बघून ७०-२०० लेन्सने हे चार मजले एका फ्रेममध्ये दाबून बसवता येतात. गाडी जाताना कॅमेरा पॅन केला की खांब तिरके होतात, तो रोलिंग शटरचा, म्हणजे सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो त्याचा दोष. कॅमेरा स्थिर ठेवून मेट्रोलाच फ्रेममधून जाऊ द्यावं. स्टेशनात किंवा डब्यात शूट करायला मेट्रोची परवानगी वेगळी.

झिरो माइलचा स्तंभ दहा मिनिटांत उरकतो. ब्रिटिश काळातल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची ही खूण, शेजारी चार घोडे. भारताचा भौगोलिक मध्य हाच असं व्हॉइसओव्हरमध्ये ठणकावून म्हणू नये, त्यावर वाद आहे. 'सर्वेक्षणाचा स्तंभ' म्हटलं की पुरतं. मागची वाहतूक सतत असते, तेव्हा इथे कुणाला बोलतं करायच्या भानगडीत पडू नये. नाश्त्याला तर्री पोहे, पण सामान गाडीत बंद करून. पोह्यांच्या गाडीभोवती कॅमेरा दिसला की "कोणत्या चॅनलचे जी तुम्ही?" इथून गप्पा सुरू होतात आणि अर्धा तास जातो.

संध्याकाळी सावजी भोजनालयाचं स्वयंपाकघर. दिवसभरातलं सगळ्यांत अवघड शूट हेच. मसाला तेलात पडला की पहिल्या दहा सेकंदांत सगळ्यांना ठसका लागतो आणि साउंड ट्रॅकवर कढईच्या आवाजाऐवजी खोकला भरतो. म्हणून फोडणीच्या वेळी बूम (लांब दांड्यावरचा माइक) स्टँडवर लावून माणसाने बाहेर थांबायचं. लेन्सवर साधा क्लिअर फिल्टर हवाच. हवेतलं तेल काचेवर बसतं, कोरड्या फडक्याने पुसलं तर आणखी पसरतं. लेन्स क्लीनरचे दोन थेंब आणि नवा मऊ कागद.

उजेड ट्यूबचा किंवा स्वस्त एलईडीचा असतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. २५ फ्रेमला १/५० आणि ५० फ्रेमला १/१०० शटर ठेवलं की पट्टे दिसत नाहीत. परदेशी व्हिडिओ बघून २४ फ्रेम, १/४८ लावणारे इथेच फसतात. २४ फ्रेम हवेच असतील तर शटर अँगल १७२.८ अंश ठेवावा, तो १/५०च येतो. स्लो मोशनला १०० फ्रेम आणि १/१०० चालतं, १२० फ्रेमला पट्टे जवळपास ठरलेले. काही एलईडींचा ड्रायव्हरच इतका वाईट असतो की काहीच लागू पडत नाही. तो दिवा सरळ बंद करायला सांगावं आणि आपलं पॅनल लावावं.

रश्शाचा शॉट ताट वाढल्यापासून पाच मिनिटांत घ्यायचा. तर्रीचा थर गरम असेपर्यंत चमकतो, थंड झाला की मेणासारखा दिसतो. पॅनल ताटाच्या मागे, एका कोपऱ्यात. वाफ फक्त मागच्या उजेडात दिसते. पंखा बंद करायला सांगताना आचाऱ्याला आधी विचारावं, भट्टीसमोर पंखा त्याचा असतो.

दुसरा दिवस: कळमना आणि काटोल

कळमन्याच्या बाजारात उजाडण्याआधी पोहोचायचं. संत्र्याचे ढीग लागलेले असतात, ट्रक उतरत असतात, मग एकेका ढिगापुढे बोली सुरू होते आणि टनाच्या भावात सौदा ठरतो. बोली एकदाच होते, तुमच्यासाठी कुणी पुन्हा लावत नाही. एक कॅमेरा बोली लावणाऱ्यावर रुंद, दुसरा चेहऱ्यांवर आणि हातांवर लांब लेन्सने. हमालांच्या वाटेत स्टँड नको. डोक्यावर ओझं असलेला माणूस थांबू शकत नाही.

पत्र्याच्या शेडमध्ये आतला उजेड आणि उघड्या बाजूंचा उजेड यांत चार-पाच स्टॉपचा (दर स्टॉपला उजेड दुप्पट) फरक असतो. पाठ बाहेरच्या उजेडाकडे करून उभं राहावं, म्हणजे चेहऱ्यांवर समोरून उजेड येतो आणि मागे अंधारी शेड राहते. छतात हिरव्या-निळ्या प्लास्टिकच्या चादरी असतील तर ऑटो व्हाइट बॅलन्स प्रत्येक पॅनला बदलतो आणि संत्री कधी पिवळी, कधी तांबडी दिसतात. ग्रे कार्ड धरून हाताने केल्व्हिन, म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा, ठरवावं आणि सोडून द्यावं. नारिंगी रंगात लाल चॅनल सगळ्यांत आधी फुटतो. एकूण हिस्टोग्राम ठीक दिसला तरी आरजीबी परेड (लाल, हिरवा, निळा यांचे वेगवेगळे आलेख) बघितल्याशिवाय संत्र्याचा क्लोजअप ओके म्हणू नये.

आवाजाचं गणित आणखी वेगळं. शेकडो मोबाईल खिशात असलेल्या गर्दीत २.४ गिगाहर्ट्झचे वायरलेस माइक मध्येच तुटतात. ट्रान्समीटर माणसाच्या छातीवर आणि रिसीव्हर त्याच्या पाठीमागे असेल तर मधलं शरीरच सिग्नल अडवतं. ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्ड करणारा सेट घ्यावा, सिग्नल तुटला तरी फाइल शाबूत राहते. अडत्या कुजबुजतो आणि पुढच्या क्षणी ओरडतो, तिथे ३२ बिट फ्लोटचं, म्हणजे हळू आणि मोठा दोन्ही आवाज सांभाळणारं रेकॉर्डिंग कामाला येतं. २४ बिट असेल तर सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलवर येईल असा गेन (रेकॉर्डिंगची पातळी) ठेवायचा आणि त्याला हात लावायचा नाही.

नऊच्या सुमारास काटोलची वाट. नोव्हेंबरात दोन्ही बाजूंनी कापसाची वेचणी चाललेली दिसते, तूर फुलावर असते. थांबावंसं वाटतं, थांबावंही. पण स्क्रिप्टमध्ये नसलेलं फुटेज कार्डाच्या हिशोबात धरावं. काटोल, नरखेड आणि पलीकडे अमरावती जिल्ह्यातले वरूड, मोर्शी हा संत्र्याचा मुख्य पट्टा. नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन आहे. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि तोड ऑक्टोबर ते डिसेंबरात होते. मृग बहाराची फुलं जून-जुलैत, फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये. क्लायंट फुलं आणि पिकली फळं एकाच फेरीत मागत असेल तर त्याला हे महिने लिहून पाठवावेत. दोन फेऱ्यांचं कोटेशन द्यायचं कारणही तेच.

बगीचात पोहोचल्यावर पहिला प्रश्न: "लाइन कधी असते?" शेतीपंपाची वीज ठरलेल्या तासांनाच येते, आणि आली की शेजारच्या चारही शेतांतले पंप एकदम सुरू होतात. ती घरघर मुलाखतीतून काढता येत नाही आणि "पाच मिनिटं मोटर बंद करा" असं शेतकऱ्याला म्हणणंही बरोबर नाही. लाइन नसतानाच्या तासांत मुलाखत, लाइन आल्यावर पाण्याचे शॉट. ओलं केलेल्या काळ्या मातीत स्टँडचे पाय हळूहळू रुततात. शॉटच्या सुरुवातीला लेव्हल ठीक असते, शेवटी क्षितिज कललेलं. प्रत्येक पायाखाली प्लायचा तळहाताएवढा तुकडा ठेवला की झालं.

झाडाखाली बसवलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पानांतून गाळून आलेला हिरवट उजेड पडतो आणि मधूनच उन्हाचे कवडसे. झाडाच्या कडेला, पूर्ण सावलीत, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून बसवावं. मागे तीन-चार मीटरवर फळांनी लदलेली फांदी. खांद्यावर दुपट्टा असतोच, आणि लेपल (कपड्याला लावायचा छोटा माइक) त्याखाली लपवला की मान हलली की खरखर. माइकची वायर एक वळसा देऊन टेपने शर्टाला चिकटवावी आणि दुपट्टा त्या बाजूने थोडा मागे सरकवावा. काढून ठेवायला सांगू नये, दुपट्ट्याशिवाय माणूस अवघडतो. मुलाखत संपली की सगळ्यांनी गप्प उभं राहून तिथला मिनिटभराचा मोकळा आवाज रेकॉर्ड करायचा. एडिटला दोन वाक्यांमधली फट त्यानेच भरली जाते.

दुपारच्या उन्हात १/५० शटर ठेवायचं तर एनडी (उजेड कमी करणारा फिल्टर) किती लागेल? भर उन्हात आयएसओ ८०० ला एफ १६ आणि १/८०० बसतं. १/५० ला आलो की चार स्टॉप जास्त, एफ ४ ला उघडलं की आणखी चार. एकूण आठ स्टॉप, म्हणजे एनडी २५६. एफ ८ ला एनडी ६४ पुरतो. व्हेरिएबल एनडी शेवटापर्यंत फिरवला तर रुंद लेन्सवर आकाशात काळी फुली उमटते. ती छोट्या स्क्रीनवर दिसत नाही, घरी दिसते.

काटोलला विमानतळाचं वर्तुळ सुटतं, तरी नकाशा बघायचा, गावच्या पोलीस ठाण्याला कळवायचं. व्यावसायिक कामाला पायलटचं प्रमाणपत्र आणि ड्रोनचा नोंदणी क्रमांक सोबत. सरळ खाली बघणारा शॉट बगीचाला लाभत नाही. वरून पानंच दिसतात, फळ कडेला आणि खाली असतं. दहा-बारा मीटरवरून कॅमेरा ३० अंश झुकवून ओळींच्या दिशेने जावं. पंपांच्या तारा झाडांच्या उंचीवरूनच गेलेल्या असतात आणि ड्रोनच्या सेन्सरला बारीक तार दिसत नाही. उडवण्याआधी एकाने पायी चालून तारा पाहून याव्यात. घार घिरट्या घालत असेल तर थांबायचं. उडत्या ड्रोनवर ती आली तर झटकन वर न्यायचं, खाली पळवायचं नाही. घार खाली सूर मारण्यात पटाईत, उभं वर चढण्यात नाही.

तिसरा दिवस: रामटेक

पहाटे पावणेपाचला निघायचं. जबलपूर रोडने कामठी, कन्हान, मनसर आणि तिथून उजवीकडे. गडावर उजाडताना असायला हवं. कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेला इथे मोठी यात्रा असते. ती गाठायची असेल तर गाडी खालीच राहते आणि सामान खांद्यावरून वर न्यावं लागतं. यात्रा टाळायची असेल तर पंचांग बघून तारीख ठरवावी.

गडावर राम आणि लक्ष्मणाची मंदिरं, वाटेत वाकाटककालीन नरसिंहाची देवळं, आणि कालिदासाचं स्मारक. मेघदूतातला रामगिरी तो हाच, अशी इथली धारणा. केवल नरसिंहासारख्या संरक्षित वास्तूंमध्ये पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय स्टँड लावू देत नाहीत. हातात कॅमेरा धरून जेवढं होतं तेवढं. चालू मंदिराच्या गाभाऱ्यात कॅमेरा नेऊ नये, पुजाऱ्यांनी "घ्या" म्हटलं तरी ट्रस्टला विचारावं.

खरी अडचण वानरांची. प्रसादाची सवय लागलेले हनुमान लंगूर पिशवीतलं काहीही ओढतात, आणि शॉटगन माइकवरचं केसाळ कव्हर त्यांना विशेष आवडतं. इथे कव्हर काढून ठेवावं तर गडावरचा वारा थेट माइकमध्ये शिरतो. मधला उपाय: फोमचं साधं कव्हर, लो-कट (खालचा घुमणारा आवाज कापणारा फिल्टर) ८० ते १०० हर्ट्झवर, आणि वाऱ्याकडे पाठ. लेन्स बदलायची ती भिंतीकडे तोंड करून, बॅगेची चेन प्रत्येक वेळी बंद. गिंबल (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारा दांडा) जमिनीवर एकटं सोडायचं नाही.

खाली अंबाळा तलावाभोवतीची देवळं सकाळच्या उजेडात लवकर उरकतात. खिंडसी दुपारनंतरची. पाण्यावर चमक मारणारा ध्रुवीकरण फिल्टर लावताना रुंद लेन्सवर आकाश एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकं होतं, म्हणून ३५ मिलिमीटरच्या पुढेच. मधल्या तासांत मनसरचं उत्खनन. विटांचे थर भर उन्हात सपाट दिसतात, तेव्हा फार अपेक्षा ठेवू नये. संध्याकाळी जमलं तर परत यावं.

रात्र सिल्लारीच्या आसपास. बॅकअप जेवणाआधी, जेवणानंतर डोळे मिटतात. वेगवान रीडरवर १२८ जीबीचं कार्ड एसएसडीवर उतरायला दहा-बारा मिनिटं, साध्या फिरत्या हार्डडिस्कवर पंचवीस मिनिटांपर्यंत. ओढून टाकणं म्हणजे कॉपी नव्हे. चेकसम तपासणाऱ्या, म्हणजे मूळ आणि प्रत ताडून बघणाऱ्या सॉफ्टवेअरने उतरवावं, कारण ओढून टाकलेल्या फाइलचा आकार बरोबर असला तरी आतले बिट बिघडलेले असू शकतात आणि ते एडिटच्या टेबलावरच कळतं. दोन डिस्क दोन वेगळ्या बॅगांत. कार्डं भरलेली ती लेबल खाली करून, रिकामी ती वर. ही खूण युनिटमधल्या सगळ्यांची एकच हवी.

चौथा दिवस: पेंच

इथलं जंगल १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटनाला बंद असतं, बाकी महिन्यांत सफारी. पर्यटकाच्या तिकिटावर व्यावसायिक चित्रीकरण करता येत नाही. त्याची परवानगी वनविभागाकडून घ्यायची आणि वन्यजीव विभागाचं मुख्यालय नागपुरातच, सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात आहे. बाहेरच्या युनिटपेक्षा नागपूरच्या माणसाला हा एक मोठा फायदा. तरी अर्ज काही आठवडे आधी द्यावा. गेटवर मूळ ओळखपत्र, नावं जशी नोंदवली तशीच. मोबाईल वापरता येणार नाही असं धरूनच तयारी करावी. सूर्याची ॲप, गिंबलची ॲप, रिमोट सगळं त्यावर असतं, म्हणून लागेल ते कागदावर.

उघड्या जिप्सीत स्टँड निरुपयोगी. बीनबॅग रिकामी न्यावी आणि गावातल्या दुकानातून तीन-चार किलो तांदूळ घेऊन भरावी. काम झालं की तांदूळ मुक्कामाच्या स्वयंपाकघरात. प्राणी दिसला की चालकाला इंजिन बंद करायला खुणेने सांगायचं. इंजिन चालू असताना ४०० मिलिमीटरवर येणारी थरथर कुठल्याही स्टॅबिलायझरला आवरत नाही. ५० फ्रेम, १/१००, आयएसओ ऑटोला वरची मर्यादा घालून. प्राण्याचा डोळा पकडणारा फोकस वाळल्या गवतात गवतावरच अडकतो, तेव्हा छोटा झोन निवडून हाताने हलवावा. पहाटे गारठा असतो आणि बॅटऱ्या लवकर उतरतात. जास्तीच्या दोन बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात.

वाघ दिसेलच असं क्लायंटला कधीही लिहून देऊ नये. चितळ, सांबर, नीलगाय, पाणवठा, गाइडचे हात आणि दुर्बीण, धुळीत उमटलेला पंजा एवढ्यात दीड मिनिटाचा भाग उभा राहतो. आवाज वेगळा रेकॉर्ड करावा. सांबराचा इशारा गाडीत आठ माणसं कुजबुजत असताना मिळत नाही, मग जंगलाभोवतीच्या बफर पट्ट्यातल्या गावाच्या कडेला सकाळी पाऊण तास बसावं. ड्रोनचा तर प्रश्नच नाही.

मनसर ते खवासा पट्ट्यात महामार्ग ४४ खांबांवर उचलला आहे, खालून प्राण्यांना जायला वाट. शॉट फार चांगला मिळू शकतो, पण महामार्गावर गाडी थांबवून नव्हे. खालच्या बाजूला जायचं तर वनविभागाचा माणूस सोबत.

रात्री आकाश. महाराष्ट्रातलं पेंच २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं. आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे जमिनीकडे रोखलेले बसवले आहेत. तारीख अमावास्येच्या जवळची हवी. नोव्हेंबरच्या रात्री आकाशगंगेचा गाभा मिळत नाही, तो उन्हाळ्यातला. यावेळी कृत्तिका आणि नऊनंतर चांगलं वर आलेलं मृग नक्षत्र. २० मिलिमीटर लेन्सवर ५००च्या ढोबळ नियमाने ५०० भागिले २० म्हणजे २५ सेकंदांपर्यंत तारे बरेचसे ठिपके राहतात. २० सेकंद ठेवावेत. दर २४ सेकंदांना एक फ्रेम, दहा सेकंदांच्या शॉटला २५० फ्रेम, म्हणजे १०० मिनिटं. फोकस एखाद्या ठळक ताऱ्यावर मोठा करून हाताने, मग रिंगवर टेप. मधेच लेन्सवर दव बसतं आणि उरलेला टाइमलॅप्स धूसर होतो. पॉवरबँकवर चालणारी हीटरची पट्टी लेन्सच्या टोकाला गुंडाळायची. पट्टी नसेल तर हात गरम करायच्या दोन पुड्या रबरबँडने बांधल्या तरी चालतात. लाल टॉर्च, आणि कॅमेऱ्यापासून एकट्याने दूर जायचं नाही. हे जंगल आहे.

पाचवा दिवस: परत

सकाळ राहिलेल्या शॉट्सची. यादीवर टिक करताना नेहमी तेच निघतं: मोठे देखावे भरपूर, हातांचे क्लोजअप कमी. परतीच्या वाटेवर चहाची टपरी, संत्र्याच्या पेट्या लादलेला टेम्पो, कन्हानचा पूल. प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद स्थिर, आधी-नंतर दोन सेकंद मोकळे.

रील्ससाठी वेगळं शूट करायची गरज नसते, पण फ्रेम करताना मध्य रिकामा सोडता येत नाही. ३८४० बाय २१६० च्या चित्रातून उभा तुकडा १२१५ बाय २१६० चा निघतो आणि १०८० बाय १९२० ला तो पुरतो. मॉनिटरवर ९:१६ च्या रेषा लावून ठेवल्या की माणूस कडेला जात नाही. मुलाखत मात्र उभ्यात कापली की डोकं आणि दुपट्टाच उरतो, म्हणून दुसरा कॅमेरा मुद्दाम सैल ठेवलेला असावा.

दुपारी नागपूरला पोहोचून तिसरी प्रत, ऑफिसातल्या डिस्कवर. फोल्डरची नावं तारीख, ठिकाण, कॅमेरा या क्रमाने. ड्रोनचं आणि साउंडचं फोल्डर वेगळं. साउंड आणि चित्र शॉटच्या सुरुवातीच्या टाळीवर जुळवताना तासभराच्या सलग मुलाखतीत शेवटाकडे ओठ एखाद-दोन फ्रेम मागे-पुढे झालेले दिसतात, दोन यंत्रांची घड्याळं थोडी वेगळी चालतात म्हणून. मुलाखत मधोमध कापून दुसऱ्यांदा जुळवली की सुटतं.

बिल त्याच रात्री. शूटचे दिवस पूर्ण दराने, निव्वळ प्रवासाचा दिवस असेल तर अर्ध्या दराने. अर्धा का होईना, पण लावायचाच. त्या दिवशी सामान आणि माणसं दुसरीकडे जाऊ शकत नाहीत. गाडी किलोमीटरवर, टोल आणि मुक्काम पावतीनिशी, ड्रोन आणि हार्डडिस्क स्वतंत्र ओळीत, वर १८ टक्के जीएसटी. सात-आठ रील्सचं ठरलं असताना "अजून दोन काढून द्या ना जी" हा फोन येतोच. त्याचा दर कोटेशनमध्ये आधीच लिहिलेला असावा, मग आवाज चढवावा लागत नाही.

कार्डं एवढ्यात पुसायची नाहीत. क्लायंटने डिस्क उघडून "मिळालं, चालतंय" असं लेखी कळवलं की पुसायची, आणि तीही लॅपटॉपवर नाही, ज्या कॅमेऱ्यात लागणार आहेत त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करून.